धुता येतं

वहिनी, आमच्या मंडळाला तुझ्यावर पत्रक काढायचंय. परवा दोघेजण येऊन गेले. मथळा करूनच आणला होता : 'एका सोशीक गृहिणीचा अकाली अंत'. अर्धं पान तुला, उरलेल्या अर्ध्यात येत्या सभेची जाहिरात. मी त्यांना ओटीवरूनच परतवून लावलं. सोशीक हा शब्द यापुढे माझ्यासमोर कुणी काढला तर त्याच्या सदऱ्यावर दौत उपडी करीन.

तुझ्याबद्दल लिहायचं तर मी लिहीन, आणि तुलाच लिहीन. माझं प्रत्येक पत्रक तू वाचत होतीस. घरात दुसरं कुणी वाचत नव्हतं. दादाचं डोकं दुखायचं आणि आईला अक्षर येत नाही. तू चुलीपुढे बसून, फुंकणी मांडीवर ठेवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचीस आणि म्हणायचीस, "छान लिहिलंय वन्सं. फक्त इथं एक काना राहिलाय." मुद्द्याबद्दल कधी एक शब्द नाही. कान्याबद्दल.

वन्सं! मी तुझ्याहून चार वर्षांनी लहान. तरी तू मला वन्सं म्हणायचीस, अहो-जाहो करायचीस, आणि मी तुला 'ए वहिनी'. समतेवर मी सभांमधून घसा फोडला, पण हे माझ्या कानाला कधी खटकलं नाही. आमच्या घरात पाऊल टाकलंस त्या दिवशी तू मला वरच्या पायरीवर बसवलंस, आणि मी बसले. मजेत बसले.

गोष्ट जमिनीची आहे, म्हणून जमिनीपासूनच सांगते. खारी गावातलं आपलं घर खाजणाच्या, भरतीच्या खाऱ्या दलदलीच्या, कडेला. पलीकडे मिठागरं, दादा तिथल्या कचेरीत कारकून. आपल्या जमिनीला बारा महिने ओल. कितीही चोपा, शेणानं सारवा, चार दिवसांत पोपडे सुटतात आणि कोपऱ्यांतून मीठ पांढरं फुलून वर येतं. दुसरीकडे बायका आठवड्यानं सारवतात, आपल्याकडे एक दिवसाआड. बायका म्हणजे तू. आईची कंबर गेल्यावर शेणाची पाटी आणि पोतेरं तुझ्याकडे आलं. आणि मी? मी प्रभातफेरीला. मी घरी परतायची तेव्हा जमीन ओली असायची. तू आतून ओरडायचीस, "वन्सं, कडेनं या, पाय उमटतील!" मी कडेनं यायची, तरी उमटायचेच. मग तू पुन्हा खाली बसून माझी पावलं पुसून काढायचीस. तुझ्या गुडघ्यांना घट्टे पडले होते. "उंटाला असतात तसे," असं मी एकदा म्हणाले होते. तूही हसलीस. का हसलीस गं?

तुझा पहिला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला. सातव्या दिवशी दूध ओढेना, मग अंग ताठ झालं. आई म्हणाली, सटवाईनं नेला. सुईण म्हणाली, नशीब. मी त्या साली मिठाचा कायदा मोडत होते. घरी आले तेव्हा पाळणा माळ्यावर गेला होता. तुझ्याशी काय बोलावं हे मला कळेना, म्हणून मी तुला सभेची हकीकत सांगितली. तू ती सगळी ऐकून घेतलीस.

त्यानंतर वर्षभरानं ते लिनोलियम आलं.

उत्तनची मेरीबाय तुझ्याकडे शिवायला टाकायची. तिची लेक फिलोमिना मुंबईला दवाखान्यात नर्स होती, तिचे पांढरे झगे तू शिवलेस. मेरीबायचा नवरा वांद्र्याला एका साहेबाकडे बटलर. साहेब कायमचा विलायतेला गेला आणि दिवाणखान्यातलं अंथरलेलं लिनोलियम बटलरला देऊन गेला. मेरीबायच्या घरात लाद्या होत्या, तिला त्याचा उपयोग नव्हता. तुझ्या शिवणाच्या बदल्यात ते बैलगाडीतून आपल्या दारात आलं. जाड मेणकापडासारखं, तपकिरी, वर बदामी चौकटी, गालिच्यासारखी गुंडाळी.

"कसलं म्हणालीस नाव?" आईनं विचारलं.

"लिनोलियम, सासूबाई."

"औषधाचं नाव वाटतंय. प्यायचं का अंथरायचं?"

तू ते अंगणात उन्हात पसरलंस, ताठरलं होतं ते मऊ व्हावं म्हणून. ऊन लागलं तसा त्याला वास सुटला. तू खाली वाकून हुंगलंस आणि तुझा चेहरा असा काही उजळला! "अगबाई, जवस! आमच्या ओतूरच्या चटणीचा वास येतोय." आई म्हणाली, हिला दिवस गेलेत का बघा, काहीही हुंगत बसलीय. त्या दिवशी आपण सगळ्या हसलो. मीही. मला अजून कळलं नव्हतं की ती वस्तू विलायती आहे.

मधल्या खोलीत तू एकटीनं ते बसवलंस. कोनाड्याजवळ जास्तीचं होतं ते विळीनं कापलंस. दोन दिवसांनी मी कोपरा उचलून पाहिला. खाली कागद अंथरलेले, एक उलटून पाहिला. माझी पत्रकं! 'परदेशी मालावर बहिष्कार टाका', ओळीनं, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"वहिनी! हे काय?"

"ओल वर येऊ नये म्हणून घातलीत. माळ्यावरची, उरलेली." मग माझं तोंड बघून घाईघाईनं म्हणालीस, "उलटी घातलीत हो वन्सं. अक्षरं खाली. कुणाचा पाय लागायचा नाही अक्षराला."

यावर हसावं की रडावं? मी दोन्ही केलं नाही. मी भाषण केलं. ते सबंध इथं लिहीत नाही, तुला पाठ असेल. शेवटी विचारलं, "तुला हे हवं कशाला होतं? आपली सारवलेली जमीन काय वाईट होती?"

तू आईकडे पाहिलंस. आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. तू पदर खांद्यावर घेतलास आणि म्हणालीस, "धुता येतं."

"इतकंच?"

"इतकंच. धुता येतं वन्सं."

इतका साधा शब्द, आणि मला तो मिळाला! पुढच्याच पत्रकात मी लिहिलं : 'आमच्या काही भगिनींचा देश बुडाला तरी चालेल, मात्र त्यांची फरशी धुता आली पाहिजे.' लोकांना फार आवडलं. टाळी पडायची त्या वाक्याला. तू ते चुलीपुढे वाचलंस. "छान लिहिलंय वन्सं. 'फरशी'ची शी दीर्घ हवी." बस. आणि भाकरी उलटलीस.

दिवाळीला आईनं लिनोलियमवरच सारवलं, आठवतं? न सारवलेल्या घरात लक्ष्मी पाऊल ठेवत नाही म्हणून पहाटे उठून, कंबर धरून, बदामी चौकटींवर शेण! वर रांगोळी. ते धड धरेना, निसटायला लागलं, दादा घसरून बसकण मारून पडला आणि आईवर चिडायचं सोडून लक्ष्मीवर चिडला. तू दुपारी सगळं आवरल्यावर गुपचूप पाणी ओतून खोली धुतलीस. "सासूबाईंनी सारवलं, मी धुतलं," माझ्या कानात म्हणालीस, "लक्ष्मीला जे आवडेल ते तिनं बघावं." इतकी धीट होतीस तू त्या दिवसांत. तुझे गुडघे बरे झाले होते. मला हे तेव्हाही दिसत होतं, वहिनी. मी आंधळी नव्हते. मी पक्की होते, आणि ते जास्त वाईट.

मग होळी. भाईंदर स्टेशनाजवळच्या मोकळ्या जागेत परदेशी मालाची होळी करायचं मंडळानं ठरवलं. मी दारोदार फिरून माल गोळा करत होते. स्टेशनच्या रस्त्यावर तेल-रंगवाला शेठ आहे, त्याच्या दुकानासमोर उभी राहून मी बोलले, विलायती रंगाचे डबे बाहेर काढा म्हणून. त्यानं शांतपणे चष्मा पुसला. "बेन, पहले अपने घरकी जमीन देखो. पीछे मेरा दुकान." सगळा रस्ता हसला. गावात कुठली गोष्ट लपते!

मी तशीच तरातरा घरी आले. "वहिनी, ते काढ."

तू कसली वाद घालणार होतीस. एवढंच म्हणालीस, "पुढच्या वर्षापर्यंत राहू दे ना वन्सं? मग मी स्वतः आणून देईन होळीत."

मी काय म्हणाले ते लिहिते, कारण मला त्याची लाज वाटते आणि लाज वाटणारी गोष्ट छापावी असं मीच लोकांना सांगत असते. मी म्हणाले, "देश पुढच्या वर्षापर्यंत तुझ्या फरशीसाठी थांबणार नाही."

मी गुंडाळायला लागले तशी तू माझे हात धरलेस. मला वाटलं, आता भांडशील. तू म्हणालीस, "नक्षी आत घ्या. बाहेर ठेवली की तडकतं." आणि तूच बसून गुंडाळलंस, सैल, नीट, आणि सुतळीनं बांधून दिलंस. जाळायला नेणाऱ्या बाईला! भांडली असतीस तर, वहिनी? एकदा, एकदाच माझ्या मुस्काटात दिली असतीस तर?

होळीला तू आलीस, मागे उभी होतीस पदर नाकाला लावून. धूर काळा उठला आणि त्यात तो वास. शेजारणीला तू हळूच म्हणालीस, "माहेरचा वास येतोय." मला ऐकू गेलं. मी ओट्यावर उभी राहून ते वाक्य सबंध गर्दीला ऐकवलं : "बघा, विलायती मालात आमच्या बायकांना माहेर दिसतं!" हशा. तू खाली पाहिलंस. दुसऱ्या दिवशी पहाटे शेणाची पाटी, पोतेरं, गुडघे.

पावसाळ्यानंतर मी पत्रकांचे गठ्ठे आणायला गिरगावात आमच्या पुढाऱ्यांच्या घरी गेले. चपला दाराशी काढल्या आणि पायाला ओळखीचं काहीतरी लागलं. खाली पाहिलं. हिरव्या-तांबड्या चौकटी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. पुढाऱ्यांच्या पत्नीनं माझी नजर पाहिली. "जुनं आहे हो ते, बहिष्काराच्या आधीचं," त्या म्हणाल्या, "आणि पुसायला बरं पडतं." मी चहा प्याले. गठ्ठे उचलले. खाली उतरले. एक शब्द बोलले नाही. मी! गावच्या शेठला भर रस्त्यात जाब विचारणारी मी, त्या चौकटींवर पाय जुळवून चहा पीत बसले.

तेव्हा तुला सातवा महिना होता. घरी येऊन हे तुला सांगायला हवं होतं. वहिनी, चुकलं, असं म्हणायला हवं होतं. मनात शंभरदा म्हणाले. तू विचारलंस, "कसं आहे त्यांचं घर?" मी म्हणाले, "साधं आहे." हे खोटं मी तुझ्याशी बोलले. त्यात काना-मात्रा सगळं बरोबर होतं.

बाळंतपणाच्या दिवशी आईनं मधली खोली पहाटेच सारवून घेतली, स्वतः, कंबर मोडलेली असताना. तुझ्यासाठी. तू सुईणीकडून पातं उकळून घेतलंस, दोरा उकळून घेतलास. सुईण कुरकुरली, "माझ्या हातानं गाव जन्मलंय." तू ऐकलं नाहीस. मी ओटीवरून ऐकत होते आणि मला बरं वाटलं, वहिनी हट्ट करतेय म्हणून. मुलगी झाली. पोरीची नाळ उकळलेल्या पात्यानं कापली गेली. जमीन मात्र उकळता येत नाही.

आठव्या दिवशी तुला पेज गिळेना. "जबडा अवघडलाय जरा," म्हणालीस. संध्याकाळपर्यंत दातखीळ. दादानं ठाण्याहून डॉक्टर आणला. त्यानं तुझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाळंतपण या शेणाच्या जमिनीवर झालं?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "धनुर्वात." आणखी काही म्हणाला असेल. मला ऐकू आलं नाही. सोयर फिटायच्या आत घराला सुतक लागलं. तुझं शेवटचं वाक्य काय, ते मी लिहू शकत नाही. दातखिळीत वाक्य नसतं.

तुला नेल्यावर आईनं ती जागा पुन्हा सारवली, दिवा ठेवला, खाली पीठ पसरलं. दुसऱ्या दिवशी पिठात पाऊल उमटलं का ते सगळे वाकून बघत होते. मी नाही पाहिलं. माझीच पावलं तू आयुष्यभर पुसलीस.

पाचव्या दिवशी मेरीबाय आली. ओटीवर बसली, माझा हात हातात घेतला, आणि इकडेतिकडे बघून हळू विचारलं, "गो बाय, तो कापड कुठं हाय? साहेबाचा?"

"जाळला, मेरीबाय. मी."

तिनं माझा हात सोडला. "त्याच्यावर तिचं बाळतपण व्हायचं व्हतं गो," ती म्हणाली. "माझ्या फिलोमिनानं सांगितलं व्हतं तिला, पयला पोर कशानं गेला ते. शेणात असतंय म्हणली ते. खोली धुवाय आली पायजे म्हणली. तिनं तुमाला न्हाय सांगितलं?"

नाही सांगितलं. कारण आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? 'सासूबाई, तुमच्या सारवलेल्या जमिनीनं माझा मुलगा नेला' असं? ज्या बाईनं पहाटे उठून, मायेनं, स्वतःच्या हातांनी ती सारवली तिला? म्हणून तू त्या सगळ्याचे दोन शब्द केलेस. आणि दोन शब्दांचा मी विनोद केला, छापला, वाटला.

काल फिनेल आणायला शेठच्या दुकानात गेले. तो या खेपेला चष्मा पुसत बसला नाही, उठून उभा राहिला. फिनेल बांधता बांधता म्हणाला, "वो जो जलाया था न बेन, उसमें अलसीका तेल था. और नीचे टाट, बंगालका. माल सब इधरकाच." अलसी म्हणजे जवस. ताग बंगालचा, जवस आपलं, मातीच्या मोलानं बोटीत भरून नेलेलं आणि चौकटी छापून आपल्यालाच विकलेलं. वहिनी, बहिष्काराचा याहून धडधडीत मुद्दा मला दोन वर्षांत सापडला नव्हता. तो तुझ्या नाकाशी होता. तू त्याला माहेर म्हणालीस आणि बरोबर म्हणालीस. बहिष्कार मला आजही चुकीचा वाटत नाही, हे तुला सांगून ठेवते. मेलेल्या माणसाला खूश करायला मी मत बदलणार नाही. पण तुझ्या गुडघ्यांवर आणि तुझ्या पोटावर बहिष्कार टाकायला मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ते माझं स्वतःचं काम.

माळ्यावरून पाळणा काढायला गेले तेव्हा त्यामागे ती गुंडाळी सापडली. कोनाड्याजवळचं कापलेलं, दोन हात लांब, हातभर रुंद. नक्षी आत. सुतळी. बाळंतपणाला पुरेल एवढं नव्हतं ते, नाहीतर तू घेतलंच असतंस. मी ते उन्हात ठेवलं, फिनेलनं धुतलं, आणि मधल्या खोलीत अंथरून वर दुपटं घालून तुझ्या पोरीला निजवलं.

आज सकाळी आई शेणाची पाटी घेऊन खोलीत आली. पाटी खाली ठेवली आणि बघत राहिली.

"हे कशाला? ते होळीत गेलं ना?"

"एक तुकडा राहिला होता."

"पोरीला त्याच्यावर कशाला घातलंस? सारवलेली जमीन कशी थंड असते. दोन्ही बाळंतपणांना मी माझ्या हातांनी खोली सारवून दिली होती तिला." तिनं आपल्याच हातांकडे पाहिलं. "मी काही कमी ठेवलं नाही गं."

सगळं माझ्या तोंडात होतं, वहिनी. डॉक्टरचा शब्द, फिलोमिनाचं म्हणणं, पातं, नाळ, पहिला मुलगा, सगळं मथळ्यासकट. कुणालाही तोंडावर खरं सांगायला मी कधी घाबरले नाही, असं मी लोकांना सांगत असते.

"बोल ना," आई म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही. धुता येतं हे."

"इतकंच?"

"इतकंच," मी म्हणाले, आणि शेणाची पाटी उचलून बाहेर नेली.